पहिले नाव, मधले नाव, शेवटचे नाव

निघोजे
सोमवार, १७ मार्च २०२५

योगिनी,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी वेगळे लिहीत बसत नाही. कामाचं आधी लिहितो.

प्रेस शॉपमध्ये सव्वीस वर्षं काढल्यावर तुझ्या मामाच्या कानांचं काय झालंय ते तुला ठाऊक आहे. फोनवर तू बोलतेस आणि मला डब्यात माशी अडकल्यासारखं ऐकू येतं. म्हणून वहीच्या कागदावर लिहितोय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सादिकाचं झेरॉक्सचं दुकान आहे, ती याचा फोटो काढून तुला पाठवेल. तू तिच्याच नंबरवर सविस्तर लिही, ती मोठ्या अक्षरात छापून देते. दोन ओळींचे मेसेज पाठवू नकोस. त्यातून मला काही उमगत नाही आणि नुसता जीव खालीवर होतो.

गोष्ट अशी आहे. तुझी मामी अकरा वर्षं चाकणच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर काम करते, ठेकेदाराकडून. एक एप्रिलपासून ठेकेदार बदलतोय. नवा म्हणतो, जुन्या सगळ्या कामगारांनी आमच्या वेबसाइटवर फॉर्म भरायचा, तो मंजूर झाला तरच गेटचा पास चालू राहील. शेवटची तारीख एकोणतीस. ज्यांचे पास बंद पडतील त्यांच्या जागी नव्या पोरी घेणार, आणि त्यांची रांग आत्तापासूनच गेटवर लागते. तुझ्या मामीला यंदा चोपन्न पूर्ण होतील. एकदा बाहेर पडली की या वयाच्या बाईला पुन्हा आत कोण घेणार?

फॉर्म भरला. दुसऱ्या दिवशी लाल अक्षरात मेसेज आला, “माहिती जुळत नाही. अर्ज अमान्य.” कुठली माहिती आणि कशाशी जुळत नाही, त्याचा पत्ता नाही. आमचा फोरमनसुद्धा शिवी देताना कशाबद्दल देतोय ते सांगायचा.

आणि तो फॉर्म काय विचारू नकोस. जन्मतारीख लिहू देत नाही. कॅलेंडर उघडतं ते आजच्या महिन्यावर, आणि मागे जायला एक बारीक बाण. एका टिचकीला एक महिना, आणि जायचं १९७१ पर्यंत. अंगठ्याचा भुगा झाला. १९९८ की काय तिथवर पोचलो तर म्हणे वेळ संपली, आणि सगळं कोरं. पुन्हा श्रीगणेशा. शेवटी चित्रातली वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावतो, समोर माणूसच बसलाय याची खात्री करायला. माझा चष्मा, मामीचा चष्मा आणि सादिकाचे तरणे डोळे, एवढं सगळं लावून तीनदा चुकलो.

ज्या कोणी दीडशहाण्याने हा फॉर्म केलाय त्याने जन्मात कधी दुसऱ्याचा फॉर्म भरून दिलेला नाही, हे मी लिहून देतो. तू कंप्युटरच्या लाइनीत आहेस. कोणाच्या ओळखीने त्या माणसापर्यंत पोचता येतं का बघ.

मामी दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. काळजीने तिचं तोंड मिटलंय. मला घरात बसवत नाही.

तुझा
बबनमामा

•

मोशी
मंगळवार, १८ मार्च

मामा,

पत्र मिळालं. तुमचं अक्षर अजून तसंच आहे, ओळीच्या वर जरा उड्या मारणारं. ऑफिसात वाचलं आणि दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

आधी उपाय सांगते. कॅलेंडर उघडलं की वर मधोमध साल लिहिलेलं असतं, त्या सालावर टिचकी मारा. सगळ्या सालांची यादी येते, तिथून १९७१ निवडा. बाणाला हातच लावायचा नाही. वाकड्या अक्षरांच्या शेजारी एक गोल बाण असतो, तो दाबला की अक्षरं बदलतात. दोन-तीनदा बदललं की एखादं वाचता येण्यासारखं येतं. आणि आधार कार्ड, बँकेचं पासबुक, जुना पास हे सगळं समोर मांडूनच बसा, कारण दहाच मिनिटं मिळतात.

हे असे फॉर्म कसे तयार होतात ते मी थोडंफार पाहिलेलं आहे. करणारा माणूस अगदीच दीडशहाणा नसेल, मामा. त्याला दोन महिने दिलेले असतात. त्यातले सात आठवडे बटण हिरवं असावं की निळं यावर साहेब लोकांचं एकमत होत नाही म्हणून जातात, आणि बाकीचं सगळं उरलेल्या आठवड्यात उरकावं लागतं. मी त्याची बाजू घेत नाही. नुसतं सांगते.

मला एक कळवा. मामीचं नाव आधार कार्डावर जसं आहे तस्संच टाकलंत ना? आणि फॉर्म भरला कोणी, तुम्ही की दुकानात?

मामीला म्हणावं काळजी करू नकोस. हे वाक्य किती निरुपयोगी आहे ते मला माहीत आहे, तरी म्हणा.

योगिनी

•

निघोजे
गुरुवार, २० मार्च

योगिनी,

सालावर टिचकी मारली आणि खरंच यादी आली. सादिका दिवसाला पन्नास फॉर्म भरते, तिला हे माहीत नव्हतं. तुला कसं ठाऊक, याचं मला नवल वाटलं.

पण उपयोग शून्य. मंगळवारी संध्याकाळीच पुन्हा भरला आणि आज सकाळी पुन्हा तेच लाल अक्षर. या वेळी खाली आणखी एक ओळ आहे, “एक प्रयत्न शिल्लक. त्यानंतर हा क्रमांक कायमचा बंद होईल.” म्हणजे आता चुकलं की मामीचं नाव त्यांच्या दारातून कायमचं गेलं. माणसाला इतकी घाबरवणारी ओळ लिहिताना कोणाचाच हात कसा अडखळला नाही?

तू विचारलंस म्हणून सांगतो, नाव वगैरे सगळं कागदाला धरून आहे. फॉर्म सादिकाच्या दुकानात भरला. तिचे रोजे चालू आहेत, दुपारनंतर पोरीचा चेहरा उतरतो, तिच्याकडून काही इकडचं तिकडं झालं असेल तर मला सांगता येत नाही.

आम्ही एकटे नाही. मामीच्या लाइनवरच्या यशोदाबाईंचा फॉर्म अमान्य झाला. स्टोअरमधल्या नवनाथचा झाला. कालपर्यंत सादिकाच्या दुकानापुढे फॉर्म भरायला रांग होती, आज रडायला आहे.

सकाळी ठेकेदाराच्या चाकणच्या ऑफिसात जाऊन आलो. दारातला सिक्युरिटीवाला म्हणाला, “काका, आत कोणी भेटत नाही, जे काय असेल ते ऑनलाइन करा.” ऑनलाइनचंच गाऱ्हाणं घेऊन आलोय म्हटलं, तर तो म्हणाला गाऱ्हाण्याचापण फॉर्म आहे.

आज गुरुवार, मामीला सुट्टी. सकाळपासून तिने घरातले सगळे डबे घासले, मग पुन्हा घासले. मी फॉर्मचं काढलं तर डबा खाली ठेवला आणि म्हणाली, “मशिनला मी नको हाय, तर ऱ्हाऊ द्या. त्याच्या किती हातापाया पडायच्या?” तिने आपणहून असं म्हटलेलं मला सोसत नाही. अकरा वर्षांत या बाईने पहिली पाळी एकदाही चुकवलेली नाही.

नऊ दिवस राहिले. तिसऱ्यांदा भरू का नको, लगेच कळव.

बबनमामा

•

मोशी
शुक्रवार, २१ मार्च

मामा,

तिसऱ्यांदा भरू नका. बटणाला हात लावू नका. सादिकालाही सांगा, ज्यांचा एकच प्रयत्न उरलाय त्यांना थांबवून ठेव.

आता जे लिहायचं ते मंगळवारीच लिहायला हवं होतं. तो फॉर्म मी केलाय. ती दीडशहाणी मी.

आमच्या कंपनीला त्या ठेकेदाराचं काम मिळालं आणि आमचे वरिष्ठ, सुजित सर, म्हणाले हा फॉर्म तू एकटीने कर. पूर्णपणे माझ्या हातचं हे पहिलंच काम. तुमचं पत्र वाचलं तेव्हा मला एवढी लाज वाटली की हात दाखवून अवलक्षण कशाला, असं म्हणून गप्प बसले. वाटलं, गुपचूप युक्ती सांगितली की मामीचं काम होईल आणि तुम्हाला कळणारही नाही. उलट माझ्या गप्प बसण्यामुळे तुम्ही दुसरा प्रयत्न वाया घालवलात.

तीन प्रयत्नांनंतर क्रमांक बंद करायचा, हीसुद्धा माझीच सूचना. कोणीतरी खोटी नावं भरत बसेल म्हणून. ती ओळ लिहिताना माझा हात खरंच अडखळला नाही, मामा. माझ्या डोळ्यांसमोर चोर होता. मामी नव्हती.

काल सरांना विचारलं की इतके फॉर्म अमान्य का होतायत. ते म्हणाले, लोकांना नीट भरता येत नाही, आपल्याकडून सगळं बरोबर आहे. मलाही काल सकाळपर्यंत तसंच वाटत होतं.

फॉर्म पाठवला की त्याची एक पावती निघते, त्यात भरलेलं सगळं असतं. त्या पावतीचा फोटो पाठवा. आणि मामा, कोणी भरला, काय भरलं, हे जसं झालं तसं लिहा. मी रागावणार नाही. तो हक्क आता तुमचा आहे.

योगिनी

•

निघोजे
शनिवार, २२ मार्च

योगिनी,

राग आला. कालचं पत्र वाचून मी सादिकाच्या दुकानातून तसाच उठलो आणि इंद्रायणीपर्यंत चालत गेलो. मी तुझ्याकडे तुझीच चुगली करत होतो आणि तू मान डोलावत होतीस. परका असता तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ.

परतताना मात्र मनात आलं की मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे. फॉर्म सादिकाने भरला नाही. दोन्ही वेळा मी भरला. तिच्याकडे रांग होती, कोपऱ्यातला कंप्युटर रिकामा होता, म्हटलं आपल्याला वाचता येतं, लिहिता येतं, त्यात काय मोठं. आणि बिघडल्यावर त्या उपाशी पोरीवर ढकललं. काल तिची माफी मागितली. ती म्हणाली, “काका, मला माहीत होतं तुम्ही पत्रात काय लिहिलंय. फोटो मीच काढते ना.” आणि एवढं असून तिने तो फोटो तुला पाठवला होता.

पावतीचा फोटो सोबत आहे. माझं त्यात काय चुकलं ते मला अजून समजत नाही. फॉर्मने विचारलं तेच मी लिहिलं.

पहिले नाव विचारलं. मामीचं पहिलं नाव शालन. लग्नात दुर्गा ठेवलं, त्याच्या आधीचं. मला काही तिला विचारावं लागलं नाही, बायकोचं माहेरचं नाव नवऱ्याच्या लक्षात असतंच. म्हटलं कंपनीला जुने कागद तपासायचे असतील. मधले नाव विचारलं. मधलं म्हणजे नवऱ्याचं, तिथे बबन. शेवटचे नाव विचारलं. शेवटी तिचं जे नाव झालं, जे आज चालू आहे, ते दुर्गा. आडनाव कुठे विचारलंच नव्हतं, तेव्हा वाटलं नको असेल.

काल संध्याकाळी सादिकाबरोबर बसून ज्यांचे फॉर्म अमान्य झालेत त्या सगळ्यांना विचारलं. यशोदाबाईंनी पहिले नाव म्हणून माहेरचं सांगितलं, वत्सला. आणखी तेवीस बायकांनी तसंच. सादिका विचारायची आणि त्या सांगतील ते टाकायची. नवनाथने पहिल्या रकान्यात “कड” लिहिलंय. मी म्हटलं, अरे ते आडनाव. तो म्हणाला, “राव, आडनावच पहिलं अस्तंय की. शाळंच्या दाखल्यावर बघा, मतदार यादीत बघा.” त्याचं काय खोटं आहे? सादिकाच्या खाला, म्हणजे मावशी, कनीजबी, त्यांच्या कार्डावर एकच नाव आहे, आणि शेवटचे नाव भरल्याशिवाय तुझा फॉर्म पुढे सरकत नाही. त्यांनी तिथे पुन्हा कनीज लिहिलं. कनीज कनीज.

सगळी यादी सादिकाने टाइप करून पाठवली आहे. आता तूच सांग, नीट भरता कोणाला येत नाही?

सात दिवस राहिले. मामीला अजून सांगितलेलं नाही की फॉर्म तुझा आहे.

बबनमामा

•

मोशी
मंगळवार, २५ मार्च

मामा,

पावती पाहिली आणि हसू फुटलं. मग शेजारच्या टेबलवरची मुलगी विचारू लागली की रडतेस का.

तुमचं काही चुकलेलं नाही. फॉर्म आधी इंग्रजीत केला होता. इंग्रजीत नावाचे तीन तुकडे असतात, पहिला, मधला, शेवटचा. मराठी करायची वेळ आली तेव्हा रिलीजला एक दिवस उरला होता. मी शब्दाला शब्द ठेवले, पंधरा मिनिटांत. पहिले नाव, मधले नाव, शेवटचे नाव. दिसायला किती नीटनेटकं. मग ऑफिसातल्या पाच जणांकडून भरून घेतला. पाचही जण तिशीच्या आतले, एकाही मुलीचं लग्न झालेलं नाही, आणि सगळ्यांनी भाषेचं बटण दाबून इंग्रजीतच भरला. मराठी शब्द कोणी वाचलेच नाहीत. मी स्वतः लिहिले आणि मीही वाचले नाहीत. आजी माझ्या आईला विचारायची, “त्या नव्या सुनेचं पहिलं नाव काय गं?” हे मी लहानपणापासून शंभरदा ऐकलंय, मामा. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

काल तुमची यादी घेऊन सरांकडे गेले. ते म्हणाले, शब्द बदलायला ठेकेदाराची परवानगी लागेल, आणि चूक आपली आहे हे आपण कशाला कबूल करायचं. मी म्हटलं मग मला त्यांच्याशी बोलू द्या. आज सकाळी सर आणि मी चिंचवडला ठेकेदाराच्या मुख्य ऑफिसात गेलो. तिथे कामगार विभागाच्या विजयश्री मॅडम आहेत, पन्नाशीच्या. त्यांनी यादी बघितली, बाजूला सारली आणि म्हणाल्या, या लोकांना दहा वेळा सांगितलं तरी कळत नाही. सर मान हलवत होते. जे बोलायचं पाठ केलं होतं ते सगळं विसरले आणि तोंडातून एवढंच निघालं, “मॅडम, तुमचं पहिलं नाव काय?”

लॅपटॉपमधून मान वर न करता त्या म्हणाल्या, “लग्नाच्या आधीचं का? ज्योत्स्ना.”

मग त्यांनी मान वर केली. त्यांनी यादी पुन्हा पुढे ओढली आणि शेवटपर्यंत वाचली.

दुपारी चार वाजता फॉर्म बदलला. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, “आधार कार्डावर आहे तसे.” खाली तीन रकाने, तुमचे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव. आडनाव नसेल तर रिकामं सोडता येतं, कनीजखालांना सांगा. जन्मतारीख आकड्यांत लिहायची, कॅलेंडर काढून टाकलं. दहा मिनिटांची तीस केली. वाकडी अक्षरं गेली, आता मोबाइलवर आकडा येतो तो टाकायचा. आधीचे सगळे नकार पुसले, प्रत्येकाला नव्याने भरता येईल. चुकलं तर नक्की कुठलं चुकलं ते सांगेल, आणि क्रमांक बंद होणार नाही.

तारीख मात्र वाढवून मिळाली नाही. एकोणतीसलाच संध्याकाळी सहाला बंद. मॅडम म्हणाल्या ते त्यांच्याही हातात नाही. दोन दिवसांत सगळ्यांना मेसेज जातील, पण तुम्ही मेसेजची वाट बघू नका. यादीतल्या एकेकाला गाठा.

चूक फॉर्मची होती, भरणाऱ्यांची नव्हती, असं पत्र ठेकेदाराला द्यायचं ठरलं. त्याखाली सही माझी आहे. सरांनी पुढचं काम दुसऱ्याकडे दिलंय. त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मामीचा पास हातात येईपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही.

मामीला सांगा, फॉर्म माझा आहे. मीच सांगायला हवं, पण धीर होत नाही.

योगिनी

•

निघोजे
शनिवार, २९ मार्च

योगिनी,

घाईत लिहितो. सादिका चार वाजता शटर ओढणार, मग ईद होईपर्यंत दुकान बंद.

मी आणि नवनाथने त्याच्या गाडीवरून निघोजे, मोई, कुरुळी अशी सगळी गावं पालथी घातली. यादीतले सगळे भरून झाले. यशोदाबाईंचा मंजूर झाला. नवनाथचा झाला. कनीजबींचा झाला, एकाच नावावर.

आपला अजून नाही. मामीने काल भरला. तिने मला आत येऊ दिलं नाही, म्हणाली तुम्ही बाकावर बसा, मी भरते. बराच वेळ लागला. बाहेर बसून म्हटलं, पुन्हा अडलं की काय. बाहेर आली तर नुसतं म्हणाली, झालं. मोबाइलवर “अर्ज मिळाला, निर्णय ३१ मार्चपर्यंत” एवढंच आलंय. दर पाच मिनिटांनी बघतो. तिने मोबाइल पदराखाली ठेवलाय.

उद्या पाडवा. गुढी उभारायची आहे, पण हात कशालाच लागत नाही.

तुझ्याबद्दल तिला सांगितलं. सादिकाकडे जाऊन तिने आपली सगळी पत्रं मोबाइलवर वाचली एवढं मला कळलंय.

बबनमामा

•

निघोजे
गुरुवार, ३ एप्रिल

योगिनी पोरी,

मामी लिहिते आहे. शाळा सुटल्यानंतर पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकांकडे बघू नकोस. आज सुट्टी आहे आणि तुझे मामा आळंदीला गेलेत, म्हणून वही मला मोकळी मिळाली.

सोमवारी दुपारी मेसेज आला, मंजूर. मंगळवारी पहिल्या पाळीला गेले. गेटवर पास लावला तर मशिन जरा थांबलं. माझ्या मागच्या बायकाही थांबल्या. मग दांडा फिरला. खुर्चीवर जाऊन बसले तर अर्धा तास एक क्लिप धड बसेना. आमच्या लाइनच्या सगळ्याजणी आत आल्या. दुसऱ्या लाइनच्या दोघी गेटवरून परत गेल्या, त्यांचं कुठे अडलं ते कळलं नाही. नावं सादिकाला दिली आहेत, त्यांचं बघ.

तुझ्यावर माझा राग नाही. तू सही केलीस हे वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

आता एक सांगते. तुझ्या मामांनी लिहिलंय की त्यांना माझं माहेरचं नाव विचारावं लागलं नाही. त्यांनी विचारलं. भरल्या दुकानात, रांगेतल्या आठ-दहा माणसांसमोर. बहिरा माणूस, हळू बोलता येत नाही. म्हणाले, “अगं, तुझं पहिलं नाव काय व्हतं?” लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने दुर्गा लिहिलं तेही यांनीच. चौतीस वर्षं झाली. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांना वाटलं नोकरीची काळजी करते आहे.

पण राग यायच्या आधी मला बरं वाटलं होतं. मी शालन म्हणाले. त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून मोठ्याने पुन्हा म्हणाले. आई गेल्यापासून ते नाव कोणी तोंडाने घेतलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्यांनी एकेक अक्षर शोधून दाबलं आणि ते समोर उमटलं. कंपनीला ते नाव कशाला हवं असेल ते मला कळलं नाही. म्हटलं, विचारलंय ना कोणीतरी, मग असू दे. यशोदाला हे सांगितलं तर ती म्हणाली, तिलाही तसंच झालं होतं.

नवा फॉर्म मी माझ्या हाताने भरला. तू लिहिलं आहेस, तुमचे स्वतःचे नाव. तिथे मी थांबले. कार्ड हातात होतं, काय लिहायचं ते ठाऊक होतं, तरी बोट पुढे जाईना. सादिका दोनदा म्हणाली, मामी, कार्डात बघून टाका. तू वेळ वाढवून ठेवलास ते फार बरं केलंस, त्यातला बराचसा मी त्या एका रकान्यावर घालवला.

शेवटी दुर्गा लिहिलं. फॉर्म लगेच पुढे गेला, कुठेच अडला नाही.

तुझी मामी
दुर्गा
(आधार कार्डावर आहे तसे)